शेप्याच्या बुंध्यातली पोकळी

शेप्याच्या बुंध्याला कान लावून मी डोळे मिटले, तेव्हा वत्सलाबाईंच्या अंगणातली बावीस पोरं एकदम चिडीचूप झाली. इतकी, की ओसरीवर पाटीवर करकरणारी एक पेन्सिल थांबली तीही मला ऐकू आली. थांबलेली पेन्सिल कशी ऐकू येते, असं कुणी विचारील. मला यायची. माझा कान तेव्हा तसा होता, आणि जीभ तर त्याहून.

मूठ वळून मी खोडावर ठोकलं. भरल्या झाडाचा आवाज मुठीतच राहतो. हा राहिला नाही. टुब् करून आत कुठंतरी घरंगळला.

“पोकळ आहे,” मी म्हणालो.

वस्ताद झाडाच्या पलीकडच्या अंगाला उभे होते. त्यांनी अर्ध्या मिनिटापूर्वीच बाईंना सांगितलं होतं, की झाड भरीव आहे, काही काळजी करू नका.

वस्ताद म्हणजे केरबा शिंगटे. आमच्या कोरेगावच्या बाजूला घरावर कललेलं झाड कौलाला नख न लागता उतरवायचं असो, कुजकी फांदी छाटायची असो, की एखादं जुनं धूड ठेवावं की पाडावं हे ठरवायचं असो, निरोप केरबाला जायचा. लोक आम्हाला लाकूडतोडे म्हणत. त्याचा वस्तादांना राग यायचा. लाकूडतोड्या लाकडासाठी झाड तोडतो, आपण झाड राहावं म्हणून तोडतो, असं ते ज्याला त्याला समजावत बसायचे.

त्यांची तपासायची रीत ठरलेली होती. कोयत्यानं तळहाताएवढी साल खरवडायची, पांढरं दिसू लागलं की त्यावर बाभळीच्या मोगरीनं ठोकायचं आणि उजवा कान लावायचा. असं सात जागी. डावा कान कालव्याच्या कामावर सुरुंगाजवळ उभं राहिल्यापासून मंद होता, पण उजवा असा, की खोडात किडा कुठवर पोचलाय ते सांगायचे. साल खरवडल्याशिवाय ठोकायचं नाही ही सक्त ताकीद. जुन्या झाडाची साल कधी कधी खोडापासून सुटते, मध्ये वारा भरतो, आणि मग सालच झाडाच्या वतीनं बोलायला लागते.

मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काढलेली. चढण्यात वानराला लाजवीन असा. आणि खाली उतरलो की माझ्या गोष्टी सुरू. चाफळच्या रानात एका जांभळावर चढायला लागलो तेव्हा मला मिसरूड नव्हतं, उतरलो ते थेट न्हाव्याकडं गेलो. एका सागाच्या शेंड्यावरनं फांदी तोडली, खाली येऊन जेवलो, जरा पडलो, उठून चूळ भरतोय तोवर फांदी जमिनीला टेकली. लोक हसून लोळायचे. वस्तादसुद्धा हसायचे, आणि वर म्हणायचे, “धोंड्या, झाडावर तेवढं खोटं बोलू नको. बाकी कुठंबी बोल.”

पण गावात माझी ओळख काय, तर केरबाच्या मागचा. दोर कुणाचा, तर केरबाचा. शब्द कुणाचा, तर केरबाचा. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी मला हे टोचायला लागलं होतं. त्या दिवशी मी साल न खरवडता ठोकलं त्याला आळस कारण होता. जे ऐकलं ते मोठ्यानं बोललो त्याला मात्र हे टोचणं कारण होतं.

शेप्या हा रायवळ आंबा. फळाला शेपूचा वास, म्हणून शेप्या. वत्सलाबाई काळोखे त्याच्या सावलीत बालवाडी भरवायच्या. होळीनंतरच्या एका वावटळीत मावळतीच्या बाजूची मोठी फांदी कडाडून खाली आली. पोरं प्रार्थनेला बसतात नेमक्या त्याच जागेवर, आणि पोरं घरी गेल्याला दहा मिनिटंही झाली नव्हती. तेव्हापासून बाईंचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. झाड सासऱ्यांच्या हातचं, पाडायचं मनात नाही, आणि पोरं तर लोकांची.

वस्ताद वळसा घालून माझ्या बाजूला आले. मी ठोकलं त्या जागी त्यांनी नुसतं बोट आपटलं.

“साल सुटलीया,” ते म्हणाले. “आत भरल्यालं हाय. पडलेल्या फांदीचा खुंट तेवढा कुजका, तो काढू.”

इथं मी गप्प बसायला हवं होतं. साल खरवडून बघायला निदान कोयता तरी उचलायला हवा होता. पण पोरं माझ्याकडं बघत होती, बाई माझ्याकडं बघत होत्या, आणि एवढे श्रोते समोर असले की माझी जीभ माझी राहत नसे.

“बाई,” मी म्हणालो, “वस्तादांचं वय साठ, पण कानाचं वय पंच्याऐंशी. त्यांना आता झाडानं ओरडून सांगायला लागतं.”

पोरं खदखदून हसली. वस्तादांचा हात डाव्या कानाकडं गेला आणि तिथंच राहिला.

मग मी पाटणच्या आंब्याची गोष्ट सांगितली. असाच हिरवागार, दर वर्षी फळानं लगडणारा, आणि आतून एवढा पोकळ, की एक शेळी ढोलीतून आत शिरली, आतच व्याली, आणि करडं मोठी होऊन बाहेर पडली तेव्हा कुठं मालकाला समजलं. त्याच पावसाळ्यात झाड गोठ्यावर आडवं झालं. त्यातलं पाटण हे गाव तेवढं खरं. पोरं हसत राहिली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मनातल्या मनात गोठ्याच्या जागी बालवाडी ठेवून पाहिली असणार.

“केरबाभाऊ,” त्या म्हणाल्या, “ही पोरं लोकांची आहेत. झाड धड आहे असं तुम्ही छातीठोक सांगा, मी ह्याचं ऐकत नाही.”

वस्तादांनी झाडाकडं वर, पार शेंड्यापर्यंत पाहिलं. कैऱ्या कुठं सुपारीएवढ्या झाल्या होत्या.

“मला भरीव वाटतंय,” ते म्हणाले.

अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून वाटतंय हा शब्द मी ऐकला नव्हता. आहे, नाहीतर नाही. बाईंनीही तो ऐकला. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, पाडूनच टाका.

आदल्या संध्याकाळी वस्ताद एकटेच जाऊन बुंध्याशी मूठभर तांदूळ ठेवून आले. ज्यांचा कुणाचा इथं मुक्काम असेल त्यांनी उद्यापासून दुसरीकडं बघावं, असं ते प्रत्येक झाडाला सांगायचे. मी एरवी त्यांची नक्कल करायचो. त्या दिवशी केली नाही, एवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवतो.

बालवाडीला दोन दिवस सुट्टी दिली. पहिल्या दिवशी मी शेंड्यापासून फांद्या उतरवत खाली आलो. दोर वस्तादांनी धरला. त्यांचं मन ह्या कामात नव्हतं, पण मला दुसऱ्या कुणाच्या दोरावर वर पाठवायची त्यांची तयारी नव्हती. दिवसभर ते कामापुरतंच बोलले. ढील, ताण, थांब. माझ्यावर रागावलेला माणूस माझा जीव हातात धरून उभा होता, आणि दोर एकदाही तसूभर चुकला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नुसता बुंधा उरला. वस्तादांनी दोर गुंडाळून ठेवला.

“ह्याला माझा हात नको,” ते म्हणाले. “तू पाड. मी उन्हं कलली की दोर न्यायला येतो.”

बाई बालवाडीच्या कामासाठी साताऱ्याला गेलेल्या. अंगणात मी, कुऱ्हाड आणि बुंधा.

पहिल्या दहा-वीस घावांत ढलप्या निघाल्या त्या ओल्या, पिवळसर, चिकानं तकतकीत. मी म्हटलं, पोकळी आत असेल. वीतभर आत गेलो. तसंच. हातभर आत गेलो. कुऱ्हाड भरल्या लाकडात बसते तेव्हा जो खणखणीत झटका खांद्यापर्यंत येतो, तो प्रत्येक घावाला येत होता. निम्म्यावर थांबलो. पण थांबून काय करणार? फांद्या नाहीत, शेंडा नाही, कमरेला निम्मी खाच. मी पुढं तोडत राहिलो आणि शेप्या पडला.

खुंटाचं तोंड परातीसारखं स्वच्छ होतं. मधोमध टाचणी टोचावी एवढीसुद्धा काळी जागा नव्हती. मग मी ठोकलं होतं तिथली साल नखानं उचकली. ती पापडासारखी हातात आली. खाली चार बोटांची फट, आणि फटीत वारा.

आता सांगतो ते ऐकून मला काय म्हणायचं ते म्हणा. मी आधी बाईंच्या दाराला बाहेरनं कडी आहे का ते पाहिलं. मग पटाशी आणि मोगरी घेतली आणि त्या खुंटाच्या काळजात घागर मावेल एवढा खड्डा कोरला. घावांच्या खुणा विटेच्या तुकड्यानं घासून काढल्या. मावळतीच्या त्या कुजक्या फांदीचा भुसा पाटीभर गोळा केला, शेणकाल्यात कालवला आणि खड्ड्याला आतून लिंपला. वर कोरडा भुसा भुरभुरला. पडलेल्या बुंध्याचं तोंडही भरीवच दिसत होतं, म्हणून पोकळी तेवढ्यातच संपली असं वाटावं असा हातभर ओंडका करवतीनं कापून तो पालथा घातला आणि त्याच्यावर फांद्यांचा ढीग रचला. पिवळ्या ढलप्या वेचून ओढ्यात टाकल्या. अडीच तास लागले. आयुष्यात एवढं मन लावून मी कुठलंच काम केलेलं नाही. काम संपल्यावर मागं सरकून बघितलं, आणि खरं सांगतो, क्षणभर मला अभिमानच वाटला.

उन्हं कलल्यावर वस्ताद आले. बाईही नुकत्याच एसटीनं परतल्या होत्या. वस्ताद खुंटापाशी वाकले. मला वाटलं, संपलं. ह्या माणसानं चाळीस वर्षं कुजकं लाकूड हाताळलंय, बोट लावताक्षणी ओळखणार. त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला. मूठभर भुसा काढला, बोटांत चोळला, नाकाशी नेला. भुसा खराच होता, शेप्याचाच होता. आणि झाडाच्या बाबतीत कुणी असलं करील, हे त्यांच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

मग उठले आणि बाईंपुढं जाऊन हात जोडले.

“बाई, माझी चूक झाली. ह्यो नसता तर मी पोरांच्या अंगावर झाड ठिवून गेलो असतो.”

बाई म्हणाल्या, अहो असू द्या, सगळ्यांकडूनच होतं. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी मला ओसरीवर बसवून गुळाचा लाडू दिला. मी तो खाल्ला. वस्ताद माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “तू बोललास ते बरं केलंस.” लाडू घशात अडकला तो, खोटं वाटेल, पण अजून पुरता खाली गेलेला नाही.

त्यानंतर वस्तादांनी झाडाला कान लावला नाही. पंधरा दिवसांनी वाठारहून पिंपळ बघायला बोलावणं आलं. वस्ताद म्हणाले, धोंड्याला न्या. मोगरी त्यांनी मला देऊन टाकली. मी दोनदा परत नेऊन ठेवली, दोनदा ती माझ्या दारात आली. माझं नाव झालं. केरबानं चुकवलेलं झाड धोंडीरामनं ओळखलं, हे तालुक्यात पसरलं. कान कसा असावा हे लोक माझ्या डोक्याकडं बघून एकमेकांना सांगत. त्यानंतरच्या प्रत्येक झाडाची साल मी खरवडली, हे कुणाला सांगितलं नाही.

वस्तादांच्या घरचं मला पारूकाकीकडून कळायचं, त्यांच्या बायकोकडून. एकदा बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, अरे, ह्यांना काय झालंय बघ. सकाळी उठले की पाण्याचा रांजण वाजवतात, कान लावतात, निम्म्यापर्यंत आहे म्हणतात, आणि झाकण काढून आत बघतात. निम्म्यापर्यंतच असतं. मग धान्याची कणगी वाजवतात. दाराची चौकट वाजवतात. घरातलं एक भांडं सोडलं नाही.

“चुकतात का?” मी विचारलं.

“कधीच न्हाई,” काकी म्हणाली. “पण इस्वास बसत न्हाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा रांजण.”

त्या रात्रीपासून, नाही, त्या दुपारपासूनच, मी कुठंही काही वाजलं की दचकायला लागलो. वर्ष कसंतरी ढकललं. पुढच्या फाल्गुनात एक दिवस सरळ त्यांच्या घरी गेलो. वस्ताद परसात बाजेवर बसून दोरी वळत होते. काकी चुलीपाशी होती, दार उघडंच होतं. मी खाली बसलो आणि सांगायला लागलो. साल खरवडली नव्हती तिथपासून ओढ्यात टाकलेल्या ढलप्यांपर्यंत, सगळं. एक शब्द वाढवला नाही. आयुष्यातली ही माझी पहिली गोष्ट, जिच्यात मी काही घातलं नव्हतं.

वस्तादांची दोरी थांबली. ऐकून झाल्यावर त्यांनी धंद्यातल्या माणसासारखे प्रश्न विचारायला सुरुवात केली.

“भुसा कुठला घेतलास?”

“मावळतीच्या फांदीचा.”

“पटाशीचं घाव दिसलं न्हाईत ते?”

“विटेनं घासले.”

“आन बुंध्याचं तोंड? पोकळी दोन्हीकडं पायजे.”

“हातभर ओंडका कापून पालथा घातला.”

वस्ताद माझ्याकडं बघत राहिले आणि हळूहळू त्यांच्या तोंडावर हसू यायला लागलं. वर्षभरात मी ते पाहिलं नव्हतं.

“लई बेस रचलीस,” ते म्हणाले. “समदं जुळवलंस. पण खरं असं जुळत न्हाई, धोंड्या. खऱ्याला कुठंतरी एक ठिगळ असतंच.”

मी शपथ घेतली. आईची घेतली. ते हसतच होते. मी म्हणालो, चला, खुंट दाखवतो. पण तोंडातून निघाल्यावर आठवलं, की बाईंनी दिवाळीतच खुंट खणून काढला होता आणि अंगणात फरशी घातली होती. बुंधा कधीच सुताराकडं गेलेला. मग मी त्यांच्या परसातल्या जांभळाकडं बोट केलं. म्हटलं, हे वाजवा. काय ते सांगा. मी आत्ता पाडून दाखवतो, तुमचा शब्द खरा ठरला नाही तर धंदा सोडतो.

वस्तादांचं हसू मावळलं.

“माझा कान धड हाय का ते बघाया धड झाड पाडू?” ते म्हणाले. “तुला हेच शिकीवलं का मी?”

मी जांभळाकडचं बोट खाली घेतलं. त्यांना वाटलं मी हिरमुसलो. बाजेवरून वाकून त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, माझ्यासाठी तू एवढं खोटं बोलायला आलास, स्वतःच्या नावाला काळं लावून घ्यायला तयार झालास, हे मी विसरणार नाही. पण कान गेला तर गेला. माणसाचं काही ना काही जातंच. तू हायेस, तवर मला घोर न्हाई.

मग आत वळून म्हणाले, “अगं, धोंड्याला च्या टाक. माझ्यापायी लांबनं गोष्ट घिऊन आलाय.”

चहा आधीच झालेला होता. पारूकाकी दोन कपबशा घेऊन उंबऱ्यात उभी होती, आणि ती तिथं कधीपासून उभी होती हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. तिला विटेचा तुकडा, शेणकाला, ओंडका, कशाबद्दलच काही विचारायचं नव्हतं. रोज सकाळी रांजणाचा आवाज तिनं ऐकलेला होता. ती पुढं आली, एक कपबशी वस्तादांच्या हातात दिली. दुसरी तशीच हातात धरून ती माझ्यासमोर थोडा वेळ थांबली, आणि वळून आत निघून गेली.

“आन ह्याचा च्या?” वस्तादांनी विचारलं.

“सांडला,” ती आतून म्हणाली.

“सांडला व्हय,” वस्ताद म्हणाले. त्यांनी आपल्या कपातला निम्मा चहा बशीत ओतला आणि बशी माझ्यापुढं सरकवली. मी ती दोन्ही हातांनी उचलली आणि प्यालो.